हर्निया सांगितला, आता वन्सं माझं डाएट करतायत

तुझं पत्र पाच पानी आहे, म्हणून वाचणाऱ्यांसाठी आधी थोडक्यात सांगते. तू साताऱ्याची, वय 36. सात महिन्यांपूर्वी पुण्याला जाऊन वजनाची स्लीव्ह सर्जरी केलीस, 121 किलोवरून 86 वर आलीस, पण घरी सांगितलं हर्नियाचं ऑपरेशन. खरं काय ते फक्त तुला आणि नवऱ्याला माहीत. वजन उतरायला लागलं तसं जो तो विचारायला लागला काय केलंस काय केलंस, आणि तू सांगत गेलीस की सकाळी कोमट पाणी, दुधीचा रस, संध्याकाळी सातनंतर काही नाही आणि रोज अजिंक्यताऱ्यावर चालणं. आता तुझ्या वन्सं, 104 किलो वजन, शुगरच्या गोळ्या चालू, तीन महिने नेमकं हेच करतायत. चार किलो उतरले आणि अडीच परत आले. परवा तुला म्हणाल्या, "तुझ्यासारखी जिद्द माझ्यात नाही गं." तेव्हापासून तुला झोप नाही.

वन्संचं बोलूच, पण चौथ्या पानावर तू जाता जाता दोन ओळी लिहिल्यास त्या वाचून मी पत्र खाली ठेवलं. तू लिहितेस की सासूबाई विचारतील म्हणून व्हिटॅमिनच्या गोळ्या दोन महिन्यांपासून बंद आहेत, घरच्यांसमोर नेहमीसारखं जेवावं लागतं म्हणून आठवड्यातून तीन-चारदा उलटी होते, आणि हल्ली पायाला मुंग्या येतात, "बहुतेक अशक्तपणा असेल."

अगं, याला नुसता अशक्तपणा म्हणून सोडून देऊ नकोस. हे वाचलंस की पहिला फोन तुझ्या सर्जनच्या दवाखान्यात कर, उद्यावर ढकलू नकोस. स्लीव्हमध्ये पोटाचा साधारण पाऊण भाग काढून टाकतात. बी ट्वेल्व्ह शरीरात शोषलं जायला जो घटक लागतो तो पोटाच्या त्या भागात तयार होतो, म्हणून या गोळ्या किंवा इंजेक्शनं आपल्याला जन्मभर. त्यात तू शाकाहारी, आणि सर्जरीआधी मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी वर्षानुवर्षं घेतलेली, म्हणजे बी ट्वेल्व्ह आधीच कमी असायची शक्यता जास्त. पण मला त्याहून जास्त काळजी थायमिनची आहे, म्हणजे बी वन. त्याचा शरीरातला साठा जेमतेम दोन-तीन आठवडे पुरतो, आणि सारख्या उलट्या होत असल्या की तो संपतो. पायाला मुंग्या हे त्याचं पहिलं लक्षण असू शकतं, आणि तसंच अंगावर काढलं तर नसांचं कायमचं नुकसान होऊ शकतं. चालताना तोल जायला लागला, डोळ्यांसमोर दोन-दोन दिसायला लागलं किंवा बोलताना गोंधळ व्हायला लागला तर फोन वगैरे करत बसू नकोस, सरळ हॉस्पिटल गाठ. आणि तिथे कुणी ग्लुकोजचं सलाईन लावायला घेतलं तर स्पष्ट सांग की माझी स्लीव्ह झाली आहे, उलट्या होतायत, आधी थायमिन द्या. हे नवऱ्यालाही पाठ करून ठेवायला सांग.

दुसरं म्हणजे तुमचे फॅमिली डॉक्टर सासऱ्यांचे मित्र, म्हणून त्यांनाही हर्नियाच सांगितलंय. त्यांनी गुडघ्यासाठी पेनकिलर लिहून दिल्या आणि तू घेतेयस. या गोळ्या उरलेल्या छोट्या पोटाला त्रास देऊ शकतात, अल्सर होऊ शकतो, सर्जनला विचारल्याशिवाय एकही नको. त्या डॉक्टरांना खरं सांग, आणि हे घरी सांगू नका असंही सांग, पेशंटची माहिती जपणं त्यांचं कामच आहे. तरीही भरवसा वाटत नसेल तर डॉक्टर बदल, पण डॉक्टरपासून लपवणं आजपासून बंद.

आता वन्सं. मी 2017 मध्ये स्लीव्ह केली, 112 किलो होते, आणि मीही लपवलं होतं, मी पित्ताशयाचं ऑपरेशन सांगितलं होतं. त्यामुळे तू का लपवलंस ते मला पत्रात वाचायची गरजच नव्हती. तू लिहिलंयस की भावकीतल्या एकीबद्दल सासूबाई म्हणाल्या होत्या, "तोंडावर ताबा नाही म्हणून पोट कापून घेतलं." हे ऐकल्यावर कोण सांगेल? आयुष्यभर प्रत्येक पंगतीत लोकांनी आपल्या ताटाकडे बघितलेलं असतं, पहिली पोळी घेतली की "डाएट सोडलं वाटतं" आणि नको म्हटलं की "एवढ्याने काय होतंय, घे की." मी सर्जरीच्या आधी दोनदा पंधरा-पंधरा किलो कमी केले होते आणि दोन्ही वेळा वीस परत आले. माझ्या सर्जनने कागदावर पोटाचं चित्र काढून दाखवलं होतं की हा वरचा फुगीर भाग, भुकेचं हार्मोन घ्रेलिन मुख्यतः इथे तयार होतं, हा जाणार आणि केळ्याएवढी नळी राहणार. वजन उतरलं की शरीर घाबरून भूक वाढवतं आणि ऊर्जा कमी जाळतं, त्याच्याशी मनाच्या जोरावर वर्षानुवर्षं भांडता येत नाही. हे मला वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी कुणीतरी पहिल्यांदा सांगितलं आणि मी त्या केबिनमध्ये खूप रडले.

आणि नेमकं हेच तुझ्या वन्संना कुणी सांगितलेलं नाहीये. त्यांना वाटतंय तू जिद्दीने केलं आणि त्यांच्यात काहीतरी कमी आहे. जे वाक्य तुला आणि मला पंचवीस वर्षं टोचलं तेच आता त्या स्वतःला म्हणतायत, आणि त्याला कारण तुझा दुधीचा रस आहे. रागाने लिहीत नाहीये गं, पण गोड बोलून झाकतही नाही.

शिवाय त्यांच्या जिवाचाही प्रश्न आहे. तू लिहिलंयस की मागच्या आठवड्यात सकाळी पूजा करताना त्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले आणि त्या खालीच बसल्या. शुगरच्या काही गोळ्या, उदाहरणार्थ ग्लिमेपिराइड, अशा असतात की गोळी घेतली आणि पोटात अन्न नसलं की शुगर खूप खाली जाते. संध्याकाळी सातपासून उपाशी, सकाळी गोळी, वर फक्त दुधीचा रस. हीच गोष्ट गाडी चालवताना झाली असती तर? त्यांना आजच सांग की असं परत झालं तर लगेच तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून प्यायची, मग काहीतरी खायचं, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपाशी राहायचं नाही.

सगळ्या गावाला सांग असं मी म्हणत नाहीये. तुझं शरीर, तुझं ऑपरेशन. वाड्यातल्या बायका, भिशीतल्या मैत्रिणी, नवऱ्याचे ऑफिसवाले, यांना "डॉक्टरांच्या देखरेखीखाली केलं, तुम्हीही डॉक्टरांना विचारा" एवढं पुरे, ते खोटंही नाही. पण जी व्यक्ती तुझं ऐकून उपाशी राहतेय तिला खरं कळायला हवं. या रविवारी वन्संकडे कराडला एकटी जा, फोनवर नको, आणि चहा होईपर्यंत थांबू नकोस कारण मग धीर होत नाही, माझा अनुभव आहे. असं काहीतरी म्हण, "वन्सं, माझं हर्नियाचं नव्हतं, वजनाचं ऑपरेशन झालं. मला भीती वाटली म्हणून खोटं बोलले. दुधी आणि चालण्याने माझं वजन उतरलेलं नाही, तेव्हा तुमचं उतरलं नाही यात तुमची काही चूक नाही. मला माफ करा." मग गप्प बस. त्या चिडतील, कदाचित महिनाभर बोलणार नाहीत, तीन महिने उपाशी राहिलेल्या बाईला तेवढा हक्क आहे.

त्यांनी पुढे विचारलं तर माहिती दे, पण सर्जरी करा म्हणून मागे लागू नकोस. पाच फूट दोन इंच आणि 104 किलो म्हणजे बीएमआय, उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, 42 च्या आसपास. आपल्याकडच्या आरोग्य विम्याच्या नियमात 40 च्या वर, किंवा 35 च्या वर आणि सोबत आटोक्यात न येणारी शुगर, हृदयविकार किंवा झोपेत श्वास अडकण्याचा गंभीर त्रास असेल तर ही सर्जरी बसू शकते, पण आधी बाकीचे उपाय करून झालेले हवेत आणि पॉलिसीचा वेटिंग पिरियड, म्हणजे पॉलिसी घेतल्यावर किती काळ थांबावं लागतं ते, बघावा लागतो. 2025 पासून आपल्याकडे आठवड्यातून एकदा घ्यायची मौंजारो, वेगोव्ही ही वजन कमी करायची इंजेक्शनंही मिळतात, महाग आहेत, आणि डॉक्टरांशिवाय अजिबात नाही. काय करायचं ते त्या आणि त्यांचे डॉक्टर ठरवतील.

सासूबाईंना सांगायचं काम तुझ्या नवऱ्याचं आहे. हर्नियाची आयडिया त्याची होती असं तूच लिहिलंयस, आणि आई त्याची आहे. तो म्हणेल "कशाला आता, सगळं नीट चाललंय." त्याला तुझ्या पायाच्या मुंग्यांबद्दल सांगितलंयस का? पत्रात तसं कुठे दिसलं नाही. आधी ते सांग, मग तो नीट चाललंय म्हणणार नाही.

माझं कसं बाहेर आलं ते सांगते. सर्जरीनंतर पाचव्या महिन्यात नाशिकला मावसभावाचं लग्न होतं, पंगतीत मामीने आग्रह करकरून आमरस वाढला आणि मी नको म्हणायचं धाडस न करता घाईघाईने प्यायले. पाच मिनिटांत कार्यालयाच्या मागच्या नळापाशी ओकत होते, शालूवर सगळं उडालेलं. मावसबहीण मागून आली आणि तिला वाटलं मला काहीतरी भयंकर झालंय, तेव्हा तिथेच सगळं सांगून टाकलं. ती पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "आधी सांगायचंस ना, मी तुझ्या शेजारी बसले असते, तुझं वाढलेलं माझ्या ताटात घेतलं असतं." तेव्हापासून प्रत्येक कार्यात ती माझ्या डाव्या बाजूला बसते, वाढपी आला की माझ्या पानावर हात आडवा धरते. एक काकू मात्र आजही म्हणतात "पैसे टाकून बारीक झाली," आणि ते अजूनही लागतं, लागत नाही असं खोटं तुला सांगणार नाही. माझं वजन 74 पर्यंत गेलं होतं, आता 79 आहे, गोळ्या रोज चालू आहेत, वर्षातून एकदा रक्ततपासणी.

केसांचं विचारलंस, तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून गळतात, बहुतेकींचे वर्षाच्या आत परत येतात, पण त्यासाठी रोज निदान 60 ग्रॅम प्रोटीन जायला हवं. घरच्यांसमोर पोळीभाजी आधी खाऊन पोट भरतेस ते उलटं कर. आधी पनीर, मूग, घट्ट वरण, दही, मग जागा उरली तर पोळी. जेवताना पाणी नको, जेवणानंतर अर्धा तास नको. छोटा चमचा, वीस-पंचवीस मिनिटं. डाएटिशियनने हे सगळं लिहून दिलं असेलच, तो कागद कपाटातल्या साड्यांखालून काढून फ्रीजवर लाव.

आणि बी ट्वेल्व्हचा रिपोर्ट आला की आकडा मला कळव, वन्संचं काय झालं ते नंतर सावकाश लिहिलंस तरी चालेल.

तुझी,
मावशी