बेअब्रुनुकसानी म्हणजे नेमके कोणाचे नुकसान?

राळेगाव तालुक्यातील एका वाचकाने विचारले आहे : घरकुलांच्या यादीतील घोळाच्या बातमीचे कात्रण त्यांनी गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकले, तेव्हा सरपंचांच्या वकिलाची 'बेअब्रुनुकसानी'ची नोटीस आली, हा शब्द बरोबर आहे काय, आणि नुसते फॉरवर्ड करणे म्हणजे 'प्रसिद्ध करणे' होते काय?

शब्द चूक आहे. बेअब्रू म्हणजेच अब्रू जाणे. तिचे नुकसान झाले असेल, तर सरपंचांनी आभार मानायला हवेत. 'बेअब्रू' लिहा किंवा 'अब्रुनुकसानी' लिहा. दोहोंची खिचडी नको.

अब्रू म्हणजे फारसी 'आबरू'. आब म्हणजे पाणी, तेज. रू म्हणजे चेहरा, 'रूबरू'मधला. (तेच आब 'गुलाब'मध्ये आहे, आणि गुलाबचेच अरबी वळण 'जुलाब', हे सांगितल्यावाचून राहवत नाही.) आपल्या 'तोंडचे पाणी पळणे'मागेही हीच कल्पना असावी, असे माझे मत आहे आणि ते मी सोडणार नाही. काही व्यासंगी मंडळी मात्र अब्रू म्हणजे भुवई, संस्कृत 'भ्रू'ची बहीण, असे ठासून सांगतात. भुवईचा फारसी 'अबरू' आरंभीच ऱ्हस्व आहे; आपल्या शब्दातला 'आ' मराठीत आल्यावर आखडला, एवढे साधे ते पाहत नाहीत. त्यांचे खरे मानले, तर बेअब्रू झालेला माणूस भुवया भादरलेला दिसला असता.

चेहऱ्यावरचे हे पाणी दुसऱ्याने पाहायचे असते, म्हणूनच कायद्याला तिसरा माणूस लागतो. मजकूर केवळ सरपंचांना पाठवला असता, तर ती प्रसिद्धी ठरली नसती. ग्रुपवर टाकला की ठरते. भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 मध्ये मजकूर रचणाराइतकाच तो प्रसिद्ध करणाराही येतो, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2024 मध्ये केजरीवालांच्या प्रकरणात रीट्विटलाही हेच लागू केले. 1882 मध्ये टिळक-आगरकर डोंगरीच्या तुरुंगात गेले, तेही कोल्हापूरचे दिवाण बर्वे यांच्यावर ठपका ठेवणारी, दुसऱ्यांनी पुरवलेली आणि पुढे बनावट निघालेली पत्रे छापल्यामुळे.

तरीही बातमी खरी असेल आणि ती सांगण्यात लोकहित असेल, तर तो गुन्हा होत नाही. मात्र दोन्ही गोष्टी आरोपीलाच दाखवाव्या लागतात, आणि या धास्तीनेच तालुक्याचा वार्ताहर पुष्कळदा बातमी गिळतो. म्हणून मूळ यादीची प्रत माहिती अधिकारात मिळवून ठेवावी. गुन्हा अदखलपात्र आहे : ज्याची अब्रू गेली त्याने दंडाधिकाऱ्यांकडे तक्रार करायची असते, आणि ठाणेदाराला वॉरंटवाचून अटक करता येत नाही.