अमेरिकेत गोऱ्या मालकाला गुलाम स्त्रीपासून झालेली मुलंही गुलामच का राहायची?

प्रश्न रास्त आहे. इंग्रजांच्या रूढ कायद्यात मुलाचा दर्जा बापावरून ठरायचा, मग इथेच उलटं कसं? मेख आहे ती व्हर्जिनिया या तेव्हाच्या इंग्रज वसाहतीतल्या 1662 च्या कायद्यात.

त्याच्या थोडं आधी तिथे एलिझाबेथ की नावाच्या बाईने कोर्टात दाद मागितली होती. आई आफ्रिकी, बाप टॉमस की इंग्रज आणि वसाहतीच्या विधिमंडळाचा सभासद. बापाने तिला ठरावीक मुदतीच्या चाकरीवर दुसऱ्याकडे ठेवलं होतं. मुदत कधीच उलटली, तरी सुटका नाही. शेवटचा मालक मेल्यावर तर तिला त्याच्या मालमत्तेत धरलं. तिचं म्हणणं सरळ होतं: बाप स्वतंत्र इंग्रज, माझा बाप्तिस्मा झालेला, चाकरीची मुदत संपलेली. खाली जिंकली, वर हरली, पण अखेर 1656 मध्ये सुटलीच. खटला चालवणाऱ्या विल्यम ग्रिनस्टेडशी तिने पुढे लग्नही केलं.

ही वाट मग बुजवली गेली. 1662 पासून मूल गुलाम की स्वतंत्र, हे आईवरून ठरू लागलं. 1667 मध्ये बाप्तिस्म्याची पळवाटही बंद: बाप्तिस्मा झाला तरी गुलामी कायम. गंमत म्हणजे काळ्या व्यक्तीशी व्यभिचार करणाऱ्या ख्रिश्चनाला त्याच 1662 च्या कायद्यात दुप्पट दंड होता. नीतीची चाड दंडापुरती. मूल मात्र मालकाच्या खात्यात जमा!

यात पैसा किती होता ते बघा. आफ्रिकेतून थेट उत्तर अमेरिकेत आणलेले लोक अंदाजे 4 लाख. 1808 पासून आयातीला कायद्याने बंदी. तरी 1860 च्या जनगणनेत गुलाम जवळजवळ 40 लाख! बहुतेक सगळे तिथेच जन्मलेले.

आता तुम्ही म्हणाल, बापाला आपलं मूल सोडवता येत नव्हतं का? येत होतं, पण व्हर्जिनियात 1806 पासून मुक्त झालेल्याला वर्षभरात राज्य सोडावं लागे. अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झालेल्या थॉमस जेफरसनचंच घ्या. त्याची गुलाम सॅली हेमिंग्ज हिची मुलं त्याचीच, असं आज बहुतेक इतिहासकार मानतात. त्यातली दोन 1822 मध्ये निघून गेली, त्याने अडवलं नाही. मॅडिसन आणि ईस्टन यांना 1826 च्या मृत्युपत्रात मुक्ती दिली, शिवाय त्यांना राज्यात राहू द्यावं अशी विधिमंडळाला विनंतीही केली. सॅलीचं नाव त्या मृत्युपत्रात नाही. पुढे जेफरसनच्या मुलीने तिला जाऊ दिलं, तेही कागदोपत्री मुक्त न करता.