युद्धबंदी: थांबलेले युद्ध की पकडलेला सैनिक?

इंदिरा गांधींनी १६ डिसेंबर १९७१ रोजी लोकसभेत ढाक्याच्या शरणागतीचे निवेदन केले. त्याचा मराठी अनुवाद वाचताना एका वाचकाला पुढील वाक्य खटकले: ‘पाकिस्तानी युद्धबंदींना जिनिव्हा करारानुसार वागवावे, असे कडक आदेश आपल्या सेनादलांना दिलेले आहेत.’ युद्धबंदी म्हणजे युद्ध थांबणे, तर तिला वागवायचे कसे, आणि येथे ‘युद्धकैदी’ हवे होते का, असे त्यांनी विचारले आहे.

येथे युद्धकैदी हाच अर्थ अभिप्रेत आहे आणि ‘युद्धबंदी’ या शब्दाला तो अर्थ आहेही. चूक शब्दात नाही, ती ‘युद्धबंदींना’ या रूपात आहे. हे रूप हल्ली वाहिन्यांवर, वर्तमानपत्रांत आणि भाषणांत इतके ऐकू येते की ते चुकीचे आहे हे सांगणाराच आता विक्षिप्त ठरतो. मंत्री, विद्यार्थी, प्राणी यांची रूपे मंत्र्यांना, विद्यार्थ्यांना, प्राण्यांना अशी होतात. कैदी, धोबी, माळी यांची कैद्यांना, धोब्यांना, माळ्यांना अशी होतात. तेव्हा बंदी हा शब्द संस्कृत माना किंवा फारसी माना, मराठीत त्याचे ‘बंद्यांना’ असेच व्हायला हवे. आपल्या तुरुंगांच्या कारभारात ‘बंद्यांची संख्या’ असे बिनचूक लिहिले जाते; संसदेच्या भाषणांचा अनुवाद करणाऱ्यांना तेवढे जमायला हरकत नाही.

हे रूप एवढे महत्त्वाचे का, हे समजण्यासाठी शब्दाच्या मुळाशी जावे लागते. संस्कृतात धातू ‘बन्ध्’ असा आहे, म्हणून बंधन, संबंध, बंधू, प्रबंध या सर्वांत ‘ध’ आहे आणि आपल्या ‘बांधणे’तही तो टिकून आहे. इराणी भाषांत मात्र असे महाप्राण, म्हणजे ‘ह’मिश्रित भ, ध यांसारखे उच्चार गळाले: ‘भ्रातृ’चा तिकडे ‘बरादर’ झाला, ‘भूमी’ची ‘बूम’ झाली आणि ‘बन्ध’चा ‘बंद’ झाला. आता अमरकोश हा जुना संस्कृत शब्दकोश उघडा. ‘प्रग्रहोपग्रहौ बन्द्याम्’ असे तेथे आहे, म्हणजे पकडून आणलेल्या माणसासाठी ‘बन्दी’ हा शब्द आणि तोही ‘द’ घेऊन! हा शब्द इराणी भाषांतून संस्कृतात आला असावा, असे मत भाषाभ्यासकांनी मांडले आहे आणि मला ते पूर्ण पटते. ‘कैदी’ अरबी-फारसी म्हणून टाकावा आणि त्याजागी शुद्ध संस्कृत ‘बंदी’ घ्यावा, असा आग्रह धरणाऱ्या शुद्धिवाद्यांनी या ‘द’चे उत्तर आधी द्यावे. त्यांचा दुसरा आक्षेप थांबण्याच्या अर्थाच्या ‘युद्धबंदी’वर आहे: ‘युद्ध’ या तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसाच्या तसा आलेल्या शब्दाला फारसी ‘बंदी’ जोडता येत नाही; तोही टिकणारा नाही, कारण ‘संचारबंदी’ आपण रोज वापरतो आणि तिच्यातला ‘संचार’ तत्सम आहे.

यापुढची गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. जुन्या फारसीनंतरच्या पहलवी भाषेत दोन वेगळे प्रत्यय होते. भाववाचक नामासाठी ‘-ईह’ होता आणि ‘त्याचा, त्याच्याशी संबंधित’ या अर्थी ‘-ईग’. नव्या फारसीत दोन्ही झिजून ‘ई’ झाले. दोस्ती, गरिबी, खुशी यांतली ‘ई’ पहिली. कैदी, शहरी, इराणी यांतली दुसरी. फारसीत लिंगभेद नसल्यामुळे रूपावरून त्यांना वेगळे करण्याची सोय उरली नाही. मराठीने ती सोय पुन्हा निर्माण केली. भाववाचक ‘ई’ तिने स्त्रीलिंगी केली आणि माणसाची ‘ई’ पुल्लिंगी ठेवून तिच्या सामान्यरूपात, म्हणजे प्रत्यय लागताना होणाऱ्या रूपात, ‘य’ आणला. म्हणून ‘दोस्तीला’ पण ‘कैद्याला’, आणि म्हणूनच ‘युद्धबंदीला मान्यता मिळाली’ पण ‘युद्धबंद्याला मुक्तता मिळाली’. हजार वर्षांपूर्वी फारसीत मिटलेला भेद मराठीच्या एका ‘य’मध्ये पुन्हा उभा राहिला, असे माझे ठाम मत आहे; आणि ‘युद्धबंदींना’ लिहिणारे हात नेमका तोच ‘य’ पुसून टाकत आहेत.

(तटबंदी, मोर्चेबंदी, जमाबंदी यांतल्या ‘बंदी’चा अर्थ बांधणी किंवा व्यवस्था असा आहे. तो स्वतंत्र विषय असल्यामुळे येथे सोडून देतो.)

समासात मात्र हा ‘य’ मदतीला येत नाही. ‘युद्धबंदी करार’ असा मथळा आला, तर तो युद्ध थांबवण्याचा करार की कैद्यांविषयीचा, हे कळायला मार्ग नाही. १९७१ च्या युद्धानंतर हा प्रश्न खराच होता, कारण भारताच्या ताब्यात नागरी व्यक्ती धरून सुमारे ९३,००० पाकिस्तानी कैदी होते आणि त्यांच्या परतीचा मार्ग २८ ऑगस्ट १९७३ च्या दिल्ली कराराने मोकळा झाला. दुसऱ्या अर्थाचा हक्कही तितकाच जुना आहे. काश्मीरमध्ये १९४९ साली आखलेल्या रेषेला मराठीत ‘युद्धबंदी रेषा’ म्हणत आणि १९७२ च्या सिमला करारानंतर तिच्या जागी ताबारेषा आली. म्हणून समासात कैद्यांसाठी ‘युद्धकैदी’ आणि लढाई थांबण्यासाठी ‘युद्धबंदी’ अशी वाटणी करावी, हे माझे सांगणे आहे.

लढाई थांबण्यासाठी ‘युद्धबंदी’ऐवजी सरसकट ‘शस्त्रसंधी’ वापरा, असे सुचवणाऱ्या जाणकारांशी मात्र मी सहमत नाही. संधी म्हणजे तह, आणि तहाला दोन पक्ष लागतात. ढाक्याच्या शरणागतीनंतर भारताने १७ डिसेंबरच्या रात्री आठपासून पश्चिम आघाडीवर लढाई थांबवण्याचा निर्णय एकतर्फी जाहीर केला आणि पाकिस्तानने त्याला मान्यता दिली ती नंतर. त्या घोषणेच्या क्षणी संधी झालेलीच नव्हती, त्यामुळे तिच्या अनुवादात ‘युद्धबंदी’ हाच शब्द बरोबर आहे.