वाळूचा ढीग आणि तुझा बोका

लेकरा,

तुझं पत्र मिळालं. बोका त्याच्या लघवी-शीसाठी ठेवलेला खड्यांचा टब सोडून अंथरुणावर लघवी करतो, तीन महिन्यांत दोन गाद्या नि आईने शिवलेली गोधडी गेली, घरमालकीण नाक मुरडतेय, म्हणून रविवारी बोक्याला शेल्टरमध्ये परत द्यायचं ठरवलंस. नको म्हणणारा मी कोण? पण रविवारला अजून चार दिवस आहेत.

पहिलं म्हणजे, "मी ऑफिसला गेले की मुद्दाम करतो" हे डोक्यातून काढ. त्याचा तुझ्यावर राग नाही. लघवी करताना दुखत असलं, तर मांजर दुखण्याचा आळ टबावर घेतं आणि मऊ जागा शोधतं. त्याला दवाखान्यात ने, खडकेश्वरचा सरकारी चालेल, आणि लघवी तपासायला सांग. टबात सारखा बसतोय, कण्हतोय नि थेंबही येत नाही असं दिसलं, तर मात्र रात्र असो की सुट्टी, तसाच उचलून ने. बोक्याची लघवीची वाट तुंबली की एक-दोन दिवसांत जीव जातो. तू त्याला नुसते कोरडे दाणे घालतेस. त्यांत पाणी जेमतेम १० टक्के, तर मांजराचं मूळ खाणं असलेल्या उंदरात ७० च्या आसपास. मे महिन्यातल्या संभाजीनगरात माणसाची लघवी जळजळते, तो तर बिचारा मांजर. दाणे भिजवून दे, पाण्याची वाटी जेवणापासून लांब ठेव.

आता टब. तू लिहिलंस, तो पाय कडेवर ठेवून कसाबसा बसतो आणि न उकरताच उडी मारून पळतो. वाचून हसू आलं. त्याने सगळं सांगून टाकलंय की! त्याला ते वासाचे टोचरे खडे नकोत. गल्लीत बांधकाम निघालं, वाळूचा ट्रॅक्टर रिकामा झाला, की संध्याकाळी त्या ढिगावर कोण बसलेलं असतं? तेवढं बारीक, तेवढं भुसभुशीत त्याला हवं. झाकण काढून टाक. टब वॉशिंग मशीनपासून हलव. मशीन धडधडायला लागल्यावर तू तरी तिथे निवांत बसशील का? टब त्याच्या अंगाच्या दीडपट लांब हवा, थर तीनेक बोटं, आणि रोज उपसायचा. दोन टब, दोन ठिकाणी. फिनेल बंद. ते पायाला लागतं, तो पाय चाटतो, आणि मांजराच्या यकृताला ते पेलत नाही. गादीसाठी एन्झाइमवालं क्लीनर आण, नाहीतर त्याला तो वास येत राहतो आणि तो तिथेच जातो.

मी हे कोणत्या तोंडाने सांगतोय ते ऐक. पशुधन पर्यवेक्षकाची नोकरी नवी होती. आमची मांजर ज्वारीच्या पोत्यांवर घाण करू लागली. मी तिला पोत्यात घातलं, सायकलला बांधलं आणि पूर्णा नदीपलीकडे सोडून आलो. वाटभर ती ओरडली नाही, पोतं नुसतं हँडलला थरथरत होतं. घरी आल्यावर आईने अंगणाकडे बोट केलं. त्याच आठवड्यात मी तिथे शहाबादी फरशी बसवून घेतली होती. तिची उकरायची माती मीच बुजवली होती. दुसऱ्या दिवशी पुन्हा नदीपलीकडे गेलो. सापडली नाही.

महिनाभर हे सगळं करूनही जमलं नाही, तर दे परत. त्यात पाप नाही. उंबऱ्याबाहेर सोडण्यापेक्षा शेल्टर केव्हाही बरं. पण तिथे "माझी बदली झाली" असं सांगू नको. कुठे, कशावर, दिवसातून किती वेळा, काय काय करून पाहिलं, ते कागदावर लिहून दे आणि लघवीचा रिपोर्ट जोड. नाहीतर पुढच्या घरात तेच खडे, तेच झाकण, आणि तो पुन्हा गादीवर.

घरमालकिणीशी मी फोनवर बोलतो, ती आमच्या सेलूकडची आहे. वाळू विकत घेऊ नको. काल चाळून उन्हात घातलीय, शनिवारी परभणीहून भाचा येतोय, त्याच्याबरोबर दोन पिशव्या पाठवतो.

तुझा,
काका