मॉर्फिन घड्याळाप्रमाणे द्या

प्रश्न : आईचा (वय ६२) स्तनाचा कर्करोग मणक्यात उतरला आहे. डॉक्टरांनी मॉर्फिनची १० मिलिग्रॅमची गोळी दर चार तासांनी सांगितली आहे. सवय लागेल या भीतीने आम्ही अगदी असह्य झालं तरच देतो. रात्रभर ती कण्हते, शिवाय चार दिवस पोट साफ नाही. काय करावं?
– एक वाचक, निफाड

उत्तर : या साध्या गोळीचा असर साधारण चार तासच टिकतो. दुखणं भडकल्यावर दिली तर ती लागू पडेपर्यंत अर्धा-पाऊण तास आई तळमळणारच. सकाळी ६, १०, दुपारी २, संध्याकाळी ६ अशी एकेक द्या. रात्री १० ला दोन चालतील का, हे डॉक्टरांना विचारा. मग २ वाजता उठवावं लागत नाही. मध्येच कळ आली तर जादा डोस दिवसभराच्या मात्रेचा (६० मिलिग्रॅम) सहावा भाग, म्हणजे इथे १० मिलिग्रॅम. तो वेळेसकट वहीत लिहा. रोज तीन जादा लागत असतील तर एकूण ९० होतात, आणि डॉक्टर नेहमीचा डोस १५ पर्यंत नेऊ शकतात. वही नसेल तर तेही अंदाजावरच.

या दुखण्यात नेमून दिलेल्या मात्रेने व्यसन क्वचितच लागतं. मात्र गोळी एकदम बंद करू नका. घाम, जुलाब, तगमग सुरू होते.

मळमळ आणि गुंगी बहुधा आठवड्यात ओसरते, बद्धकोष्ठता ओसरत नाही. म्हणून बिसाकोडिलसारखी पोट साफ करणारी गोळी पहिल्या दिवसापासूनच हवी होती. इसबगोल नको, पाणी कमी पिणाऱ्या रुग्णाच्या आतड्यात ते फुगून अडकतं. आता चार दिवस झालेत, तेव्हा आधी तपासून घेऊन मग सपोझिटरी (गुदद्वारात ठेवायची गोळी) किंवा एनिमा. पोट फुगून उलट्या होत असतील तर जुलाबाचं काहीही देऊ नका, थेट दवाखाना गाठा.

आणि हे आजच बघा : पायांतली ताकद कमी झाली आहे का, बधिरपणा आहे का, लघवी अडते का? मणक्याच्या गाठीने मज्जारज्जू दाबला जात असेल तर पोट साफ न होण्याचं कारण तेही असू शकतं. अशा वेळी रात्र असली तरी नाशिक गाठा. उशीर झाल्यास गेलेली ताकद परत येईलच असं नाही.

डायक्लोफिनॅक ही वेदनाशामक गोळी मनाने देऊ नका, तिने मूत्रपिंड बिघडू शकतं. ते बिघडलं की मॉर्फिनचे अंश शरीरात साठतात; झोप अनावर होते, हातपाय झटके देतात. हाक मारूनही जाग येत नसेल किंवा श्वास मिनिटाला आठच्या खाली गेला तर पुढचा डोस थांबवून लगेच डॉक्टरांना कळवा.

मॉर्फिन प्रत्येक मेडिकलमध्ये मिळत नाही. अमली पदार्थविषयक कायद्यातल्या २०१४ च्या दुरुस्तीनंतर ते मान्यताप्राप्त संस्थांकडून मिळतं. साठा संपायच्या चार दिवस आधीच निघा, गोळ्या कुलपात ठेवा.