कोंबडी काळी, पिल्लं गोरी

प्रश्न : मुरबाडच्या बाजारातून कडकनाथ (काळ्या कातडी-मांसाची जात) म्हणून दोन तलंगा, म्हणजे तरुण कोंबड्या, आणल्या. पायापासून जिभेपर्यंत काळ्या. घरचा पिवळ्या पायांचा गावठी कोंबडा त्यांच्यात सोडला. ११ पिल्लं निघाली, पण एकही धड काळं नाही. कातडी गोरी आणि मधूनमधून करडे डाग. आम्हाला फसवलं का? (बदलापूर)

उत्तर : या पिल्लांवरून तसं म्हणता येत नाही, कारण ही करामत तुमच्या कोंबड्याची आहे. कातडी, मांस, हाडांवरचा पापुद्रा काळा करणारा कडकनाथचा गुण तसा जोरकस. पण त्याला आवर घालणारा आणखी एक गुण असतो आणि तो पिवळ्या-पांढऱ्या पायांच्या पक्ष्यांत सापडतो. हा आवर लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्रावर बसलेला आहे. कोंबड्याकडे ते गुणसूत्र दोनदा असतं, कोंबडीकडे एकदाच, आणि तिचं ते फक्त नर पिल्लांना मिळतं. तुमच्या कोंबड्याने नर-मादी सगळ्यांनाच आवर दिला. जोडी उलट लावली असती, म्हणजे कडकनाथ कोंबडा आणि पिवळ्या पायांची गावठी कोंबडी, तर माद्या काळ्या आणि नर फिके निघाले असते.

गोम इथेच आहे. त्या उलट जोडीतली काळी मादी निम्मीच कडकनाथ, पण बाजारात पूर्ण कडकनाथ म्हणून सहज खपते. पिसांवर जाऊ नका; कडकनाथमध्ये सोनेरी छटेची पिसंही असतात आणि काळ्याकुट्ट गावठी कोंबडीची कातडी पांढरी असू शकते. पंखाखालची पिसं फुंकून बाजूला करा, चोच उघडून टाळू बघा, तळपाय बघा. वजनही करा. पूर्ण वाढलेली कडकनाथ कोंबडी सव्वा ते दीड किलोची, कोंबडा दोन किलोच्या आतबाहेर. अडीच किलोची ‘कडकनाथ’ कोंबडी दिसली तर दुसरं रक्त आहे असं समजा. (रक्त काळं आणि अंडी काळी ही निव्वळ थाप. रक्त लालच, अंडं फिकट बदामी.)

तुमच्या तलंगा या सगळ्यात पास झाल्या तरी शंका उरते. ती फेडायला करड्या, पाटीच्या दगडाच्या रंगाच्या पायांचा, पण लाल तोंडाचा आणि पांढऱ्या कातडीचा गावठी कोंबडा शोधा. त्याच्याकडे आवर नसतो. आधी तलंगा ३ आठवडे नरापासून वेगळ्या ठेवा. जुन्या कोंबड्याचं बीज कोंबडीच्या पोटात दोन-तीन आठवडे टिकतं आणि घाईत सगळी परीक्षा फुकट जाते. मग प्रत्येकीची अंडी पेन्सिलीने खूण करून वेगळी उबवा. कडकनाथ अंड्यांवर नीट बसत नाही, म्हणून खुडूक गावठीखाली १० ते १२ अंडी घाला. २१ दिवसांनी अस्सल तलंगेची सगळी पिल्लं काळी निघतील, संकरित असेल तर साधारण निम्मी. एक जरी गोरं निघालं तरी निकाल लागला. १० पैकी १० काळी निघाली तर काळजी सोडा. संकरित कोंबडीकडून असं हजारात एखाद्या वेळीच घडेल.

प्रश्न : गावठी कोंबडीचे हळदीसारखे पाय पांढुरके पडलेत. अंडी मात्र रोज देते. आजार आहे का? (घणसोली)

उत्तर : नाही, रोज देते म्हणूनच फिकटले. मका आणि हिरव्या पाल्यातला पिवळा रंग आता पायांऐवजी बलकात जातो. आधी अंडं बाहेर पडण्याच्या जागेभोवतीची कातडी फिकी होते, मग डोळ्याभोवतीची कड, मग चोच, शेवटी पाय. पायांना चारेक महिने लागतात. अंडी थांबली की रंग त्याच क्रमाने परततो. कोंबडी विकत घेताना हे उपयोगी पडतं : अंड्यावरची म्हणून दाखवलेल्या कोंबडीचे चोच-पाय गर्द पिवळे असतील तर तिने अजून फार अंडी दिलेली नाहीत किंवा अंडी कधीच थांबली आहेत.

खवले मात्र उचललेले, चुन्यासारखे खरखरीत दिसले तर ती पायाची खरूज. कोमट साबणाच्या पाण्यात पाय भिजवा, जुन्या टूथब्रशने हलकेच घासा, कोरडे करून व्हॅसलीन जाड थापा. दर आठवड्याला असं महिनाभर करा आणि खुराड्यातली बसायची काठीही घासून काढा. रॉकेल लावू नका, कातडी भाजते.

प्रश्न : लाल तुऱ्याच्या कोंबडीचा तुरा अचानक जांभळा पडला. कडकनाथचं रक्त असेल? (उरण)

उत्तर : जातीचा काळा रंग जन्मापासून दिसतो, अचानक येत नाही. जांभळा तुरा म्हणजे श्वास किंवा रक्ताभिसरण बिघडलंय. सोबत डोकं सुजलं असेल किंवा एकापाठोपाठ एक पक्षी मरत असतील तर मेलेल्यांना हात न लावता सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात त्याच दिवशी कळवा. तुमच्याच तालुक्यात चिरनेरला जानेवारी २०२५ मध्ये बर्ड फ्लू निघाला होता.