आधी त्यांना काय हवंय ते विचारा: पसरलेल्या कर्करोगाच्या उपचारांबद्दल वाचकांचे प्रश्न

या वेळी निवडलेली बहुतेक पत्रं रुग्णांची नाहीत. मुलं, जोडीदार, भावंडं, सुना यांनी ती लिहिली आहेत. ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत. ‘कुठलं औषध चांगलं?’ हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक पत्रात आहे. ज्यांना आजार झालाय ते स्वतः काय म्हणतात, हे मात्र फार थोड्या पत्रांत सापडलं. म्हणून प्रत्येक उत्तरात मी पुन्हा पुन्हा तिकडेच वळले आहे.

प्रश्न: बाबा ७१ वर्षांचे आहेत. स्वादुपिंडाचा कर्करोग यकृतात पसरलाय. ‘पोटात गाठ आहे, औषधाने जाईल’ एवढंच त्यांना सांगायचं असं आम्ही भावंडांनी ठरवलं. आता केमो सुरू करायची तर सही त्यांनाच करायची आहे. खरं सांगितलं तर ते खचतील अशी भीती वाटते.

तुमची भीती मला समजते. पण बाबांना काहीच कळलेलं नाही असं धरून चालू नका. वजन उतरतंय हे त्यांना दिसतंय. फोन आला की तुम्ही खोलीबाहेर जाता, डॉक्टर त्यांच्याशी न बोलता तुमच्याकडे बघून बोलतात, हेही त्यांच्या लक्षात येतं. अशा वेळी पुष्कळ रुग्ण मुलांना त्रास नको म्हणून काही विचारत नाहीत. तुम्ही त्यांच्यासाठी गप्प आणि ते तुमच्यासाठी, असे महिनेच्या महिने निघून जातात.

सगळं एका दमात सांगून टाका, असं मी म्हणत नाही. आधी त्यांना विचारा. ‘बाबा, रिपोर्ट आलेत. तुम्हाला सगळं नीट समजून घ्यायचंय, थोडक्यात सांगितलेलं चालेल, की डॉक्टरांशी आम्हीच बोलावं?’ यातलं कुठलंही उत्तर योग्यच आहे. ‘तुम्हीच बघा’ म्हणाले तर तो त्यांचा निर्णय. तोही कायमचा समजू नका, पुढच्या स्कॅननंतर पुन्हा विचारा. ‘कॅन्सर आहे का?’ असं त्यांनी थेट विचारलं, तर खोटं बोलू नका. एकदा खोटं उघडं पडलं की नंतरच्या खऱ्या दिलाशावरही त्यांचा विश्वास बसणार नाही.

पुढच्या भेटीआधी डॉक्टरांच्याही कानावर घाला की किती सांगायचं ते त्यांनी बाबांनाच विचारावं. बातमी कळल्यावर बाबा काही वेळ बोलले नाहीत, तर लगेच ‘काही होणार नाही’ म्हणत ती शांतता भरून काढू नका. शेजारी बसा. पुढचा प्रश्न त्यांचा असू द्या.

सहीबद्दल. अमेरिकेत २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात चौथ्या स्टेजचे आणि केमो घेत असलेले रुग्ण होते. या केमोने आजार पूर्ण बरा होण्याची शक्यता मुळीच नाही, हे फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या ६९ टक्के आणि मोठ्या आतड्याच्या व गुदाशयाच्या कर्करोगाच्या ८१ टक्के रुग्णांच्या उत्तरांतून दिसत नव्हतं. निदान माहीत असलेल्यांची ही गत. बाबांना तर निदानच माहीत नाही. उलट्या, थकवा, हॉस्पिटलच्या फेऱ्या हे सगळं त्यांना सोसायचंय. ते कशासाठी, हे समजून सही करण्याचा हक्क त्यांचा आहे.

प्रश्न: माझ्या मिस्टरांचा आजार चौथ्या स्टेजचा आहे. डॉक्टर म्हणाले, ‘प्रतिसाद मिळण्याची शक्यता ४० टक्के, मध्यक १२ महिने.’ म्हणजे आमच्याकडे एक वर्ष आहे का? आणि ४० टक्के बरे होतात का?

दोन्हींचं उत्तर ‘नाही’ असं आहे. हा घोळ इतक्या घरांत होतो की जरा सविस्तर लिहिते.

‘प्रतिसाद’ म्हणजे बरं होणं नव्हे. स्कॅनवर मोजलेल्या गाठींच्या व्यासांची बेरीज निदान ३० टक्क्यांनी घटली, की त्याला प्रतिसाद म्हणायचं, असा संकेत आहे. बेरीज २० टक्क्यांनी किंवा अधिक वाढली किंवा नवी गाठ दिसली, तर आजार वाढला असं धरतात. मधलं सगळं ‘स्थिर’. गाठ लहान झाल्याने दुखणं किंवा धाप कमी होऊ शकते, आणि ते काही थोडं नाही. पण त्यामुळे आयुष्य किती वाढेल, हा प्रश्न वेगळा आहे आणि डॉक्टरांना तो वेगळाच विचारावा लागतो.

मध्यक १२ महिने म्हणजे अशा रुग्णांपैकी निम्मे १२ महिन्यांपेक्षा कमी जगले आणि निम्मे जास्त. ही तुमच्या मिस्टरांची तारीख नव्हे. कर्करोगतज्ज्ञ एक ढोबळ हिशोब करतात: साधारण अर्धे रुग्ण मध्यकाच्या निम्म्यापासून दुपटीपर्यंतच्या काळात असतात, म्हणजे इथे ६ ते २४ महिने. दहातला एक जण तिप्पट किंवा त्याहून जास्त जगतो, तर दहातला एक पाव काळातच जातो. स्टीफन जे गूल्ड या अमेरिकी जीवाश्मशास्त्रज्ञांना १९८२ मध्ये पोटाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा झाला. त्या आजाराचा मध्यक तेव्हा ८ महिने होता. ते २० वर्षं जगले. अशी माणसं असतात. पण घराचे निर्णय त्यांच्याकडे बघून घेऊ नयेत, आणि वाईटातलं वाईट गृहीत धरूनही नाही. म्हणून डॉक्टरांना एकच आकडा विचारू नका. ‘चांगल्यात चांगलं काय होऊ शकतं, वाईटात वाईट काय, आणि बहुधा काय होईल?’ असं विचारा. अर्थात हे ऐकायची मिस्टरांची इच्छा असेल तरच त्यांच्यासमोर.

आणखी दोन गोष्टी विचाराच. गाठीच्या जनुकीय तपासण्या झाल्या का? फुफ्फुसाच्या कर्करोगात ईजीएफआर किंवा एएलके, स्तनाच्या कर्करोगात हर-२ या जनुकांत बदल सापडले तर उपचारांची दिशाच बदलते. रिपोर्ट यायला वेळ लागतो, पण तब्येत धरून असेल तर थांबणं बहुधा सार्थकी लागतं. दुसरं, त्यांचा ‘परफॉर्मन्स स्टेटस’ किती? माणूस रोजची कामं कितपत करू शकतो, याची ही ० (पूर्ण धडधाकट) ते ४ (सतत अंथरुणात) अशी मोजणी आहे. जागेपणीचा अर्ध्याहून जास्त वेळ माणूस पलंगावर किंवा खुर्चीत काढत असेल, तर तो ३ या पायरीवर असतो. तिथे केमोचा फायदा सहसा घटतो आणि त्रास वाढतो.

सगळ्यात आधी मात्र मिस्टरांना विचारा, काय गमवायची त्यांची तयारी नाही? आतड्याच्या कर्करोगाचे एक रुग्ण आठवतात, घड्याळं दुरुस्त करणारे. मुलांनी औषधांच्या तुलनेचा मोठा तक्ता करून आणला होता. वडील इतका वेळ अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासत बसले होते. मग त्यांनी विचारलं, ‘यातल्या कशाने बोटं बधिर होतात?’ ऑक्सालिप्लॅटिनने होतात, आणि कधी कधी ती बधिरता औषध थांबवल्यावरही राहते. त्यांना त्याऐवजी इरिनोटेकान असलेली केमो दिली. त्या आजारात सुरुवातीला दोन्हींचा उपयोग साधारण सारखाच. इरिनोटेकानने जुलाब होतात, केसही जास्त गळतात. त्यांची त्याला हरकत नव्हती. तक्त्यात सगळं होतं, बोटांचा रकाना तेवढा नव्हता.

प्रश्न: डॉक्टरांनी आईला पॅलिएटिव्ह केअरच्या डॉक्टरांकडे पाठवलं. आम्ही हादरलोच. त्यांनी हात टेकलेत का?

नाही. दुखणं, धाप, मळमळ, झोप, भीती आणि घरच्यांची ओढाताण यांकडे बघणारे हे डॉक्टर असतात, आणि केमो चालू असतानाच त्यांना भेटणं उत्तम. बोस्टनमधल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष २०१० मध्ये आले. फुफ्फुसाचा कर्करोग पसरलेल्या १५१ रुग्णांपैकी निम्म्यांना निदानानंतर लवकरच ही जोड दिली होती. त्यांचं रोजचं जगणं जास्त सुसह्य होतं, नैराश्य कमी होतं आणि मध्यक आयुर्मान ८.९ ऐवजी ११.६ महिने होतं. आयुष्य वाढल्याचं नंतरच्या सगळ्या अभ्यासांत दिसलं नाही, त्रास कमी होतो हे मात्र पुन्हा पुन्हा दिसलं. आईला घेऊन जा, उशीर करू नका.

प्रश्न: काकांना मॉर्फिन लिहून दिलंय. काकू ते देत नाही. व्यसन लागेल, आणि मॉर्फिन म्हणजे शेवट जवळ आला, असं तिला वाटतं.

काकूंना सांगा, मॉर्फिन दुखण्याच्या तीव्रतेवर देतात. किती दिवस उरलेत हे बघून नाही. कर्करोगाच्या वेदनेसाठी नीट प्रमाणात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतलं तर व्यसनाचा धोका कमी असतो आणि त्याने आयुष्य घटत नाही. सुरुवातीची गुंगी आणि मळमळ बहुतेकांची काही दिवसांत ओसरते. बद्धकोष्ठ मात्र ओसरत नाही, म्हणून पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून सोबत हवंच. साध्या गोळीचा किंवा पातळ औषधाचा असर साधारण चार तास टिकतो. तेव्हा दुखणं असह्य होईपर्यंत वाट न बघता घड्याळाप्रमाणे द्यायचं. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डॉक्टरांना आठवण करून द्या, मात्रा बदलावी लागते.

प्रश्न: आईच्या केमोच्या दोन प्रकारच्या फेऱ्या झाल्या, आजार वाढतोच आहे. तिसरं औषध सुचवलंय. आई म्हणते, ‘आता पुरे.’ दादा दूर राहतो, रोज फोनवर सांगतो की तुम्ही तिला हरू देताय. मी रोज तिच्याजवळ असते. मला दोन्हीकडून अपराधी वाटतं.

आधी हे वाचा: तुम्ही कुणालाही हरू देत नाही आहात.

आता आईचं ‘पुरे’ नीट ऐकूया. न आवरलेलं दुखणं, नैराश्य, घरावर भार होतोय ही भावना यांतूनही माणूस ‘पुरे’ म्हणतो. म्हणून ‘का गं?’ एवढंच विचारा आणि मध्ये बोलू नका. दुखतंय म्हणून असेल तर आधी दुखणं आवरा. मणक्यात किंवा हाडात दुखत असेल तर रेडिएशनच्या एकाच बैठकीने पुष्कळांना आराम पडतो. त्यानंतरही ती ‘पुरे’च म्हणाली, तर ते विचारपूर्वक आलेलं मत आहे आणि तुमच्या नि दादाच्या मतापेक्षा त्याला जास्त वजन आहे.

दादाला आकडे पाठवून उपयोग होणार नाही. रोज बघणाऱ्याला आईचं थकणं हळूहळू दिसत जातं, दूरच्याला फक्त फोनवरचा आवाज ऐकू येतो, आणि आई फोनवर आवाज सावरून बोलते. त्याला डॉक्टरांच्या पुढच्या भेटीत व्हिडिओवर घ्या. तिसऱ्या औषधाने नेमकं काय मिळेल, किती जणांना, त्यासाठी हॉस्पिटलात किती दिवस जातील आणि ते नाही घेतलं तर पुढे काय, हे त्याने स्वतः विचारू द्या. शक्य असेल तर त्याला काही दिवस येऊन राहायला सांगा, आणि तेव्हा रात्रीची औषधं त्याच्याकडे द्या.

एक अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. उपचार करून आजार वाढलेल्या आणि फार काळ न उरलेल्या रुग्णांमध्ये केमो घेणारे जास्त जगले नाहीत. ज्यांची तब्येत त्यातल्या त्यात चांगली होती, त्यांचा शेवटचा आठवडा केमोमुळे उलट जास्त कष्टाचा गेला. पण हे तिसरं औषध केमो नसून तिच्या गाठीत सापडलेल्या बदलावरचं असेल, तर हिशोब वेगळा असू शकतो. विचारून घ्या.

आईचं मन दोलायमान असेल तर मधला रस्ताही असतो. दोन फेऱ्या घ्यायच्या, मग स्कॅन, आणि काय झालं तर थांबायचं ते आधीच ठरवायचं. ‘आठवड्यातले चार दिवस अंथरुणात गेले तर बंद,’ असं तिच्याच शब्दांत लिहून ठेवा. तिला बोलता येईनासं झालं तर तिच्या वतीने कोण बोलणार, हेही आत्ताच ठरवून तुमच्याकडच्या कायद्याप्रमाणे कागद करा.

प्रश्न: एका ओळखीच्यांनी जडीबुटीचं औषध आणून दिलंय. केमोसोबत द्यावं का?

डॉक्टरांना बाटली दाखवल्याशिवाय नाही. काही वनौषधींनी यकृतावर ताण येतो, काहींमुळे केमोचं रक्तातलं प्रमाण कमीजास्त होतं. डॉक्टर रागावतील म्हणून लपवू नका. आणि ते देण्यासाठी कुणी चालू उपचार बंद करायला सांगितले, तर त्या माणसाचं ऐकू नका.

प्रश्न: सासूबाई दोन घासांच्या पुढे जात नाहीत. मी मागे लागते, त्या चिडतात, मग दोघी रडतो. खाल्लं नाही तर केमो कशी झेपणार?

पसरलेल्या कर्करोगात शरीराची अन्न वापरण्याची रीतच बदलते. स्नायू झिजतात, भूक मरते, आणि बळेच भरवून ते वजन परत येत नाही. त्या हट्ट करत नाहीत आणि तुम्ही कुठे कमी पडत नाही.

तरीही आवरता येण्यासारखी कारणं शोधा. टॉर्च घेऊन तोंडात बघा. जिभेवर किंवा गालांच्या आतून पांढरे चट्टे असतील तर तो बुरशीचा संसर्ग असू शकतो आणि औषधाने जातो. पोट किती दिवसांत साफ झालं नाही, गिळताना दुखतं का, मळमळ कधी होते, हे लिहून डॉक्टरांना द्या. भूक वाढवणारी औषधं आहेत, थोड्या काळापुरती. नळीने अन्न देण्याचा उपयोग मुख्यतः घशात किंवा अन्ननलिकेत अडथळा असेल तेव्हा होतो.

केमो चालू असताना ताप ३८ अंश सेल्सिअस किंवा वर गेला, किंवा पायांतली ताकद अचानक कमी झाली वा लघवी अडली, तर मात्र सकाळची वाट न बघता त्याच वेळी हॉस्पिटल गाठा. घास कमी गेला म्हणून अशी धावपळ करायची गरज नाही. ताटलीत थोडंच वाढा, त्या मागतील तेव्हा द्या आणि ‘आणखी एक घास’ म्हणणं थांबवा. जेवणाच्या वेळी शेजारी बसून दुसरं काहीतरी बोला. कशाबद्दल बोलायला आवडेल, ते त्यांनाच विचारा.